न गळणारी जागा

पाना खाली ठेवा. बॉनेटही अजून उघडू नका. पुढच्या चाकापाशी एक बादली उपडी पडली आहे, तिच्यावर बसा. माघातली सकाळ आहे, माण तालुक्यातलं गाव आहे. ऊन अजून डोंगराच्या पलीकडे आहे आणि ट्रकच्या पत्र्यावर बोटानं नाव लिहावं असं दव बसलं आहे. दोन-चार श्वास नुसते घ्या. नाकाला काय काय लागतं ते बघा. ओली माती, चुलीचा धूर, आणि त्यांच्या खाली, अगदी पातळसा, डिझेलचा वास.

हा वास लक्षात राहू द्या. तो कुठून येतो हे शोधायला मात्र आत्ताच उठू नका.

समोर उभा आहे तो शक्तिमान. त्याच्या पाठीवर आता पाण्याची टाकी आहे आणि दारावर मालकाच्या कुलदैवताचं नाव आहे. पण उन्हानं जिथे रंग सोलला आहे तिथे खालचा फौजी हिरवा दिसतो, आणि नीट पाहिलंत तर वर तोंड केलेला एक बाण. लष्कराच्या गाडीचा नंबर बाणानं ओळखायचा. बाणानंतरचे दोन आकडे गाडी कोणत्या साली फौजेत आली ते सांगतात. इथे 8 वाचता येतो, पुढचा आकडा पुसला आहे. म्हणजे ऐंशीच्या दशकातली ही गाडी. 1959 साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत, जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर हे ट्रक बनायला लागले. पुढे जबलपुरातच त्यांच्यासाठी वेगळा वाहन कारखाना उभा राहिला. फौजेनं कधीतरी हिला कंडम ठरवलं, लिलावात काढली, आणि मालकानं घेतली. यंदा विहिरी माघातच तळाला गेल्या आहेत. ही गाडी निघाली नाही तर दोन वस्त्यांवर पाणी पोचत नाही, एवढं तिचं मोल अजून आहे.

मालक शेजारी उभा आहे. त्याला घाई आहे, आणि ती खोटी नाही. तो म्हणतो, "मेजर, पंप गेला बगा." आमच्या भागात निवृत्त होऊन आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. मी ईएमईत होतो, फौजेची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात. त्याला थांब म्हणा. त्याच्याकडून फक्त हकिकत ऐका, निदान नको. गेले पंधरा दिवस गाडी सकाळी त्रास देते. एकदा चालू झाली की दिवसभर बरी चालते. चढाला थोडी मरगळते, पण चालते. आज सेल्फ मारल्यावर लगेच पकडली, दहा सेकंद चालली, खोकली आणि बंद पडली. त्यानंतर नुसता सेल्फ फिरतो.

त्या दहा सेकंदांपाशी थांबा. डोळे मिटायचे असतील तर मिटा. जी गाडी पकडतच नाही तिची गोष्ट वेगळी. ही पकडली, म्हणजे कॉम्प्रेशन आहे, नोझल उडतात, पंप ढकलतो आहे. जे जळायला हवं ते दहा सेकंद मिळालं आणि मग मिळेनासं झालं. ते दहा सेकंदांचं डिझेल कुठलं होतं? ते कालचं होतं. काल रात्री इंजिन बंद करताना फिल्टरमध्ये आणि पंपाच्या पोटात जे उरलं होतं, तेवढंच आज जळलं. त्याच्या मागून यायला हवं ते आलंच नाही. रात्रभरात मधल्या वाटेवर काहीतरी झालं.

एवढं कळल्यावरही उठावंसं वाटेल. अजून बसा. आता एक काम करायचं आहे, आणि ते बसूनच होतं. आपण डिझेल व्हायचं आहे आणि टाकीपासून नोझलपर्यंत चालत जायचं आहे.

टाकीत अंधार आहे. टाकी अर्धी रिकामी आहे, कारण मालक रोजच्या पुरतंच भरतो. त्या रिकाम्या भागात हवा आहे, हवेत ओल आहे, रात्रीच्या गारठ्यात ती ओल पत्र्याच्या आतल्या अंगावर दवासारखी धरते आणि थेंब थेंब खाली उतरते. पाणी डिझेलपेक्षा जड. ते तळाशी जाऊन बसतं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या पातळ सीमेवर बुरशी जगते, डिझेलवरच जगते, आणि काळपट बुळबुळीत साय धरते. इतक्या जुन्या टाकीच्या तळाला गंजाचा चुराही असतो. तुम्ही डिझेल आहात, तर हे सगळं तुमच्या पायाखाली आहे. म्हणून टाकीच्या बुडाला निचऱ्याचा बोल्ट असतो. तो नंतर उघडायचा आहे, काचेच्या बाटलीत थोडं काढायचं आहे आणि बाटली दहा मिनिटं हलवायची नाही. वर सोनेरी, खाली पाणी, अशी रेघ दिसते का ते बघायचं.

आता वर पाहा. टाकीच्या झाकणाला बारीक भोक आहे. जेवढं डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी म्हणून. ते भोक धुळीनं बुजलं तर टाकीत पोकळी धरते, आणि गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालून मरते. झाकण उघडलं की सुस्कारा ऐकू येतो आणि ती पुन्हा चालते. आपली तक्रार तशी नाही. आपली गाडी चालून मरत नाही, झोपून उठत नाही. तरी ते भोक तारेनं मोकळं करून घ्या. मनातल्या यादीतून एक शंका पुसली जाईल.

आता नळीत शिरा. इथे सावकाश चाला, कारण मला वाटतं सगळी गोष्ट इथेच आहे.

टाकी चासीला खाली लटकलेली आहे, पंप वर इंजिनाला बसवलेला आहे. म्हणजे डिझेलला चढायचं आहे, आणि चढायला त्याला कोणी ढकलत नाही, पुढचा फीड पंप ओढतो. लहानपणी नळीनं ताक ओढून प्यायला असाल, तर ही ओढ तुम्हाला ठाऊक आहे. नळीला वर चीर गेली की ताक येत नाही, नुसतीच हवा येते. आणि त्या चिरेतून ताक बाहेरही सांडत नाही. या अर्ध्या वाटेवर नळीच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी आहे. आपल्या सगळ्यांवर हवेचं ओझं आहे, दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो. ते ओझं नळीवरही आहे, आणि वाट मिळाली तर ते आत शिरतं.

पंपाच्या पुढच्या बाजूला बिघाड झाला तर तो दिसतो. तिथे दाब आहे, डिझेल बाहेर येतं, धूळ धरून काळं होतं, वास सुटतो, आणि पोरसवदा क्लीनरसुद्धा बोट दाखवतो. ओढीच्या बाजूचा बिघाड कोरडा असतो. काही गळत नाही, काही डागाळत नाही. इंजिन चालू असताना तिथून हवा बारीक बुडबुड्यांनी आत जाते, बंद झाल्यावर तीच हवा नळीतल्या डिझेलला खाली सोडते, आणि रात्रभरात सगळं उतरून टाकीत परत जातं. सकाळी नळी रिकामी. मग कालचं उरलेलं जळतं, दहा सेकंद.

मी नोकरीच्या तिसऱ्या वर्षी डोंगरातल्या एका ठाण्यावर असाच शक्तिमान हाताळला. हकिकत जवळपास हीच होती. मी ओल्या जागा शोधल्या, एकही सापडली नाही, आणि न सापडल्यामुळे मी ठरवलं की दोष आतच, पंपातच असणार. पंप उतरवला. तो खाली बेसला गेला, तपासला गेला, निर्दोष म्हणून परत आला. तीन दिवस गाडी उभी राहिली आणि वरच्या माणसांचं सामान तीन दिवस उशिरा गेलं. दोष तांब्याच्या एका वॉशरमध्ये होता. उस्ताद मला रागावले नाहीत. त्यांनी मला टाकीपाशी नेलं आणि तिथून नळीवर बोट ठेवून पंपापर्यंत चालायला लावलं. सरळ गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. त्या दिवसापासून मी पंपावर संशय शेवटी घेतो.

तर नळीवर बोट ठेवून चाला. मनातच, पण बोटाला पत्रा लागतो आहे असं समजून. टाकीतून निघालेली धातूची नळी. तिला चासीवर धरणारी पट्टी; पट्टी सैल असेल तर नळी थरथरून तिथेच झिजते. पुढे रबरी नळीचा तुकडा, कारण इंजिन हलतं आणि चासी हलत नाही, मध्ये काहीतरी मऊ लागतं. रबर म्हातारं झालं की बाहेरून नुसत्या रेषा पडतात, पण कधी कधी आतलं अस्तर सुटतं आणि पडद्यासारखं हलतं. मंद चालीत डिझेल त्याला वळसा घालून जातं. चढाला ओढ वाढली की तेच अस्तर वाटेत आडवं येतं. मालक म्हणाला होता, चढाला मरगळते. हे विसरू नका. एकाच गाडीत दोन दुखणी असू शकतात, आणि एक सापडलं की दुसरं शोधायचा उत्साह जातो.

मग बँजो बोल्ट, रबराच्या अलीकडेही आणि पलीकडेही. पोटातून भोक असलेला बोल्ट, त्याच्याभोवती नळीचं कडं, आणि कड्याच्या दोन्ही अंगांना तांब्याचं एकेक वॉशर. वॉशरकडे जरा वेळ बघा. तांबं इथे का? तांबं मऊ आहे, आवळलं की दोन खडबडीत पृष्ठभागांमध्ये बसतं आणि फट बुजवतं. पण प्रत्येक आवळण्यासरशी ते ठोकलं जातं, आणि ठोकलेलं तांबं कडक होतं. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम चालतं ते याचसाठी. हातोडीच्या ठशांनी भांड्याला नक्षी येते आणि बळही येतं. भांड्याचं हे बळ वॉशरचा मात्र नाश करतं. दहा वेळा काढून घातलेलं वॉशर हातात घ्या, त्याच्यावर कड्याची गोल खाच उमटलेली असते, आणि ते पुन्हा आवळलं की फट तशीच राहते. अशा वेळी माणूस आणखी जोर लावतो. तिथे जोराचा उपयोग नाही. वॉशर नवं घाला, किंवा जुनं लाल होईपर्यंत तापवून थंड होऊ द्या. तांबं पुन्हा मऊ होतं. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, तांबं नाही. खेड्यात, जिथे नवं वॉशर मिळायला तालुक्याला जावं लागतं, तिथे एवढं ज्ञान आणि एक शेगडी पुरते.

पुढची वाट लवकर चालू. फीड पंप, त्याच्या डोक्यावर हातानं दाबायची मूठ. मग फिल्टर. त्याच्या कागदाचा रंग आणि स्पर्श टाकीची खबर देतो. बुळबुळीत लागला तर बुरशी, तांबूस चुरा असला तर गंज. फिल्टर बदलून टाकी तशीच ठेवणं म्हणजे विहीर न उपसता घागर घासणं.

आणि आता पंप, ज्याच्यावर सकाळपासून आळ आहे. त्याच्यासमोर मी नेहमी हळू होतो. आत सहा सिलिंडरांसाठी सहा प्लंजर आहेत, प्रत्येक आपापल्या नळकांड्यात. दोघांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. तुमच्या डोक्याचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्यांच्यात वेगळं तेल नाही, डिझेलच त्यांना वंगण घालतं. म्हणून रॉकेलची भेसळ पंपाला मारते. इंजिन मिनिटाला सहाशे फेऱ्यांनी मंद चालत असताना प्रत्येक नोझल सेकंदाला पाचदा उडतं, आणि दर वेळी जे डिझेल जातं ते एका थेंबापेक्षाही बरंच कमी असतं. ट्रकच्या टायरात सात-आठ बार दाब असतो. जुन्या धाटणीचं नोझल दीडशे बारच्या पुढे उघडतं.

रुडॉल्फ डिझेलनं 1897 साली आउग्सबुर्गच्या कारखान्यात आपलं इंजिन यशस्वी करून दाखवलं. मॅन हे नाव ज्या दोन शहरांवरून आलं त्यांतलं एक आउग्सबुर्गच. तेव्हा इंधन आत घालायला दाबलेली हवाच वापरत, आणि त्या हवेसाठी शेजारी मोठा कॉम्प्रेसर लागे. म्हणून ती इंजिनं कारखान्यात आणि जहाजांत राहिली. हवेची मदत न घेता, नुसत्या दाबानं इंधन उडवता यायला लागलं तेव्हा डिझेल इंजिन ट्रकवर चढलं. मॅननं 1924 मध्ये तसा ट्रक दाखवला आणि बॉशनं 1927 पासून असे पंप मोठ्या संख्येनं बनवायला घेतले. आपल्याकडे त्याच बॉशची मायको कंपनी झाली, नाशकात तिचा कारखाना उभा राहिला. नाशिकच्या किती घरांची चूल नोझलांवर चालली ते नाशिककरांना सांगायला नको.

आता कल्पना करा, त्या प्लंजरच्या वर डिझेलऐवजी हवेचा एक बुडबुडा आला आहे. डिझेल दाबलं की जवळजवळ आकसत नाही, सगळा जोर पुढे पोचवतं. हवा आकसते. प्लंजर वर येतो, बुडबुडा लहान होतो. प्लंजर खाली जातो, बुडबुडा पुन्हा मोठा होतो. नोझलपर्यंत काहीच पोचत नाही. पंप काम करतो आहे, पूर्ण जोरानं करतो आहे, आणि बाहेरून तो मेलेला दिसतो. मालक त्याला गेला म्हणाला ते यामुळे.

आता उठा.

आधी वास. तो आठवतो ना? त्याच्या मागे गेलात तर इंजिनाच्या उजव्या अंगाला तिसऱ्या नोझलच्या परतीच्या नळीपाशी ओलसर डाग सापडेल. तो खरा आहे, नीटही करायचा आहे, पण आजच्या सकाळचं कारण तो नाही. त्याला हात लावू नका अजून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गाडी कशामुळे सुरू झाली ते कधीच कळत नाही.

फीड पंपाच्या आधी रबरी तुकड्याच्या जागी पारदर्शक नळी लावा. मूठ दाबत राहा आणि नळीत बघा. डिझेल येतं आहे, आणि त्याच्यात मोहरीएवढे बुडबुडे, एकामागे एक. घाई न करता दोन मिनिटं बघा. पंधरा दिवस जे कोणाला दिसलं नाही ते तुमच्यासमोरून चाललं आहे.

ते कुठून शिरतात हे कळायला ओढीचं उलट करा. टाकीच्या तोंडाशी चिंधीत गुंडाळून सायकलच्या पंपाची नळी धरा आणि अगदी हलकी हवा भरा, टाकी फुगायची नाही इतपतच. आता नळीत बाहेरून आत ओढ नाही, आतून बाहेर ढकल आहे. पुसून कोरडा केलेला प्रत्येक सांधा बघत चला. टाकीपासून दुसऱ्या, रबराच्या अलीकडच्या बँजोपाशी, वॉशरच्या कडेला, एक थेंब जमतो. जमायला वेळ घेतो. त्याला घेऊ द्या.

वॉशर बदला. जुना रबरी तुकडाही परत घालू नका, चढाची तक्रार त्याच्यामुळे असेल तर कळेलच. इथे मी एका वेळी एक हा माझा नियम मोडतो, कारण ते रबर कापल्यावर आत अस्तर सुटलेलं दिसलं आणि तसं रबर जाणूनबुजून परत घालणं मला जमत नाही. त्याच्या जागी पारदर्शक नळीच आज राहू द्या. मग एअर काढा, वाटेच्या क्रमानंच. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, मूठ दाबा. फेस येईल, कढी उतू जाताना येतो तसा पांढरट. दाबत राहा. फेस पातळ होतो, बुडबुडे मोठे आणि विरळ होतात, आणि मग एकदम सरळ, स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. मग नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ. हात लांब ठेवा. नोझलमधून किंवा चिरलेल्या नळीतून उडणारा फवारा कातडीत घुसतो, वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडतं. असं कोणाला झालं तर दुखत नसलं तरी त्याच घटकेला दवाखाना गाठायचा.

नट आवळले. सेल्फ. एक सिलिंडर पकडतो, मग दोन, पांढरा धूर, अडखळणारी चाल, आणि मग सहाही एका लयीत येतात. मालक हसतो. त्याला पाण्याची टाकी भरायला जाऊ द्या, वस्तीवर माणसं वाट बघताहेत. तो तुम्हाला गाडी झाली का विचारेल. त्याला सांगा, आज रात्री गाडी नेहमीच्या जागी उभी कर, आणि सकाळी मी येईपर्यंत सेल्फ मारू नको.

संध्याकाळी ट्रक परत आला, इंजिन बंद झालं, तापलेलं लोखंड टक टक करत निवत गेलं. पारदर्शक नळीत डिझेल भरलेलं आहे. तिच्यावर, डिझेल जिथपर्यंत आहे तिथे, चिकटपट्टीची बारीक रेघ लावा. टॉर्च बंद करा आणि घरी जा.

पहाटे उठलात तर चहा घेऊन या. दव तसंच आहे, बादली तशीच उपडी आहे. बसा. टॉर्च लावायच्या आधी एकदा नाकानं श्वास घ्या. मग नळीवर उजेड टाका. डिझेल पट्टीच्या रेघेवर उभं आहे.

मालकाला हाक मारा, म्हणावं, आता मार सेल्फ.